विसार, दादनी आणि उचल : मागणीबरहुकूम घडविलेल्या वस्तूच्या आगाऊ रकमेचा इतिहास

प्रास्ताविक

तयार वस्तू दुकानातून विकत घेणे आणि तीच वस्तू आपल्या मापाने, आपल्या पसंतीने घडवून घेणे हे दोन व्यवहार वरवर सारखे वाटतात. परंतु व्यवहार मध्येच मोडला की त्यांतील भेद उघड होतो. तयार वस्तूचा एक गिऱ्हाईक गेला तर दुसरा मिळतो. एका व्यक्तीच्या अंगाला बेतलेला अंगरखा, पदरावर कुणाचे नाव विणलेली पैठणी किंवा विशिष्ट तारखेची लग्नपत्रिका यांना दुसरा गिऱ्हाईक नसतो. म्हणूनच मागणीबरहुकूम काम करणारा कारागीर काम हाती घेण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ मागतो आणि गिऱ्हाईक ती देतो. पुढे मागणी रद्द झाली तर या रकमेचे काय करावयाचे, हा प्रश्न कारागिरीइतकाच जुना आहे.

आर्थिक इतिहासात किमती, मजुरी, व्याज आणि कर यांचा विचार पुष्कळ झाला. आगाऊ रकमेचा विचार मात्र बहुधा कर्जबाजारीपणाच्या प्रकरणातील एक पोटकलम म्हणूनच होतो. प्रस्तुत निबंधात या रकमेकडे स्वतंत्र संस्था म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. धर्मशास्त्रीय ग्रंथ, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील विणकरांचा व्यवहार, एकोणिसाव्या शतकातील कायदे आणि स्वातंत्र्योत्तर न्यायनिर्णय अशा चार टप्प्यांत ही मांडणी केली आहे. प्राचीन भारतीय व्यवहारात आगाऊ रक्कम देणारा आणि घेणारा असे दोन्ही पक्ष सारखेच बांधले जात होते, वसाहतकाळात हा समतोल मोडला आणि तो अंशतः सावरण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

शब्दांतून दिसणारे व्यवहार

आगाऊ रकमेसाठी मराठीत एकच शब्द नाही, ही बाब लक्षणीय आहे. 'विसार' किंवा 'इसार' म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली रक्कम. जमिनीच्या व्यवहारात आजही 'इसार पावती' केली जाते. 'बयाणा' हा शब्द विक्री या अर्थाच्या अरबी शब्दावरून फारसीमार्गे आला. 'अनामत' या शब्दात विश्वासाने सोपविलेली ठेव हा मूळ अर्थ आहे. ती ठेवणाऱ्याची असते आणि काम पुरे झाल्यावर त्याला परत मिळावयाची असते. 'दादनी' हा शब्द देणे या अर्थाच्या फारसी धातूपासून बनला असून तो विणकराला कामासाठी आगाऊ दिलेल्या रकमेला लावला जाई. 'उचल' हा शब्द आज ऊसतोड कामगारांच्या संदर्भात सर्वांच्या परिचयाचा आहे. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली ही रक्कम पुढे श्रमाने फेडावयाची असते.

हे शब्द समानार्थी नाहीत. विसार ही शब्दाची खूण आहे, अनामत ही ठेव आहे, तर दादनी व उचल हे कामासाठीचे भांडवल आहे. व्यवहार सुरळीत पार पडला तर या भेदाला महत्त्व राहत नाही, कारण शेवटी सारी रक्कम किमतीत किंवा मजुरीत वळती होते. व्यवहार मोडला की मात्र ही रक्कम नेमकी कशासाठी दिली होती, हाच वादाचा मुद्दा ठरतो.

जुन्या मराठी कोशांत विसाराला 'संचकार' असाही एक प्रतिशब्द सापडतो. तो संस्कृत 'सत्यंकार' या शब्दाचा अपभ्रंश होय. सत्यंकार म्हणजे सौदा सत्य करणे, खरा करणे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत या शब्दाच्या सिद्धीसाठी स्वतंत्र सूत्र आहे. शपथ घेण्याचा अर्थ नसताना 'सत्य' शब्दापासून होणाऱ्या क्रियापदासाठीही एक सूत्र असून काशिकावृत्तीने त्याचे उदाहरण व्यापाऱ्याचे दिले आहे. 'हा माल मी घेणारच' असे तो व्यापारी पक्के करतो. शपथ आणि विसार हे शब्द खरा करण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत, याची जाणीव व्याकरणकारांनाही होती असे यावरून म्हणता येते.

धर्मशास्त्र व अर्थशास्त्रातील तरतुदी

कौटिलीय अर्थशास्त्राने हा विषय दोन ठिकाणी हाताळला आहे. तिसऱ्या अधिकरणात खरेदी-विक्रीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाचा, म्हणजे अनुशयाचा विचार आहे. व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन रात्री, गोपालकांना पाच रात्री अशी सौदा मोडण्याची मुदत तेथे ठरवून दिली आहे. विकलेला माल न देणाऱ्यास १२ पणांचा दंड सांगितला आहे. मात्र मालात दोष असेल किंवा आपत्ती ओढवली असेल तर तो लागू होत नाही.

चौथ्या अधिकरणाचा प्रारंभच कारागिरांपासून होणाऱ्या उपद्रवाच्या निवारणाने होतो. येथील नियम सरळ मागणीबरहुकूम कामाला लागू पडतात. स्थळ, काळ आणि कामाचे स्वरूप ठरवून काम घ्यावे. काम मुदतीत न दिल्यास मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड करावा. सांगितले त्याहून वेगळेच काम केल्यास सारी मजुरी बुडते आणि मजुरीच्या दुप्पट दंड होतो. याच ठिकाणी कारागिराने श्रेणीच्या हमीवर ठेव स्वीकारावी आणि तो अडचणीत सापडल्यास श्रेणीने त्या ठेवीची जबाबदारी घ्यावी, असेही म्हटले आहे. कारागिराकडे सोपविलेल्या ठेवीमागे त्याच्या व्यवसायसंघाचे बळ उभे करण्याची ही कल्पना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आज छोट्या कारागिराकडे दिलेल्या आगाऊ रकमेला असा कोणताही सामूहिक आधार नसतो.

मनुस्मृतीने पश्चात्तापासाठी दहा दिवसांची मुदत दिली. नारदाने अधिक बारकाईने विचार केला. घेतलेली वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत केल्यास काही नुकसान नाही, दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा हिस्सा आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट हिस्सा सोडावा लागतो. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याचीच. हे नियम तयार वस्तूंना उद्देशून असले तरी त्यांमागील तत्त्व व्यापक आहे. व्यवहार मोडण्यास जितका उशीर तितका समोरच्याचा तोटा अधिक, म्हणून मोडणाऱ्याचा भारही चढता असावा.

याज्ञवल्क्यस्मृतीतील नियम प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी येतो. सत्यंकार म्हणून दिलेले द्रव्य दुप्पट परत करावयास लावावे, असे तेथे म्हटले आहे. दुप्पट कोणी आणि केव्हा द्यावयाचे, हे स्पष्ट करण्याचे काम विज्ञानेश्वराने मिताक्षरेत केले. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी येथील राजवटीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणच्या परिसरात, अकराव्या शतकाच्या अखेरीस वा बाराव्याच्या आरंभी ही टीका लिहिली गेली. सौदा पार पडावा म्हणून अंगठीसारखी वस्तू समोरच्याच्या हाती दिली असता, देणाऱ्यानेच सौदा मोडला तर ती वस्तू त्याने गमवावी. घेणाऱ्याने मोडला तर त्याने दुप्पट परत करावे, असा त्याचा निर्वाळा आहे.

या नियमाची मांडणी पाहण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंचा तोटा येथे एकाच मापाने मोजला आहे. देणाऱ्याचे एक अंगठी इतके नुकसान होते, तर घेणारा मूळ अंगठी परत करून वर तितकेच देतो, म्हणजे त्याचेही नुकसान एका अंगठीचेच. अंगठी जितकी मोलाची, तितके दोघेही अधिक बांधले जातात. त्यामुळे भरमसाट विसार मागणारा आपल्याही गळ्यात तितकाच मोठा फास अडकवून घेतो. अवाजवी रक्कम मागण्याला हा नियमच आपोआप आवर घालतो. त्यासाठी वेगळ्या कमाल मर्यादेची गरज उरत नाही. मजुरी घेऊन काम सोडणाऱ्याने दुप्पट द्यावे आणि न घेता सोडणाऱ्याने तितकीच रक्कम द्यावी, हा याज्ञवल्क्याचा भृत्यविषयक नियमही याच विचारसरणीतला आहे.

समांतर परंपरा : रोम आणि हनफी विधिशास्त्र

मिताक्षरेतील नियमाला दूरच्या रोमन कायद्यात जवळचा प्रतिध्वनी मिळतो. सम्राट जस्टिनियनच्या इ.स. ५३३ मधील 'इन्स्टिट्यूट्स' या संहितेत विसार देऊन खरेदी नाकारणारा तो गमावतो आणि विक्री नाकारणारा तो दुप्पट परत करतो, असा नियम आहे. तेथील 'अर्‍हा' हा शब्द ग्रीकमार्गे सेमिटिक भाषांतून आला असून अरबीतील 'अरबून' हा त्याचाच सगोत्र होय. दोन्ही नियमांत उसनवारी झाली होती असे यावरून सिद्ध होत नाही. व्यापारी समाजांना आपापल्या अनुभवातून एकाच उत्तराकडे यावे लागले, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरेल.

इस्लामी विधिशास्त्रात बहुसंख्य संप्रदायांनी गिऱ्हाइकाची विसाराची रक्कम जप्त करण्यास विरोध केला, तर हनबली संप्रदायाने तिला मान्यता दिली. परंतु भारतात प्रचलित असलेल्या हनफी संप्रदायाचे या विषयातील खरे योगदान 'इस्तिस्ना' या संकल्पनेत आहे. इस्तिस्ना म्हणजे कारागिराकडून वस्तू घडवून घेण्याचा करार. अस्तित्वात नसलेली वस्तू विकता येत नाही, हा सामान्य नियम बाजूस ठेवून लोकव्यवहाराच्या सोयीसाठी तो मान्य करण्यात आला. तयार झालेली वस्तू पाहिल्यावर गिऱ्हाइकाला ती नाकारता यावी, असे अबू हनीफा यांचे मत होते. त्यांचे शिष्य अबू युसुफ (मृत्यू इ.स. ७९८) यांनी मतभेद नोंदविला. वस्तू सांगितल्याबरहुकूम असेल तर गिऱ्हाइकाला माघार घेता येऊ नये, कारण एकासाठी घडविलेली वस्तू दुसरा त्या किमतीला घेईलच असे नाही आणि कारागिराचे साहित्य वाया जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑटोमन साम्राज्याच्या 'मजल्ला' या एकोणिसाव्या शतकातील संहितेने अबू युसुफ यांचेच मत स्वीकारले. मागणीबरहुकूम वस्तू ही सामान्य विक्रीहून वेगळी का, याचे इतके नेमके कारण अन्य प्राचीन परंपरांत क्वचितच सापडते.

दादनीचा व्यवहार : विणकर आणि कंपनी

सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपीय कंपन्यांनी भारतातून नेलेले कापड मोठ्या प्रमाणावर मागणीबरहुकूम विणलेले होते. लांबी, रुंदी, पोत आणि नक्षी यांचे नमुने लंडनहून येत आणि त्याप्रमाणे माल हवा असे. हे नमुने स्थानिक बाजाराच्या सवयींशी जुळत नसल्याने विणकर आगाऊ रकमेशिवाय काम हाती घेत नसे. या रकमेतून तो सूत घेई आणि काम चालू असेपर्यंत कुटुंब पोशी. म्हणजे दादनी ही विसाराची अंगठी नव्हती. ते कामाचे भांडवल होते.

हा व्यवहार विणकराला नेहमीच जाचक होता काय? प्रसन्नन पार्थसारथी यांनी दक्षिण भारतातील विणकरांविषयीच्या २००१ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात या समजुतीला छेद दिला आहे. वसाहतपूर्व काळात विणकर आगाऊ रक्कम परत करून केव्हाही करार मोडू शकत होता, व्यापाऱ्याला मात्र तशी मोकळीक नव्हती, असे त्यांनी दाखवून दिले आहे. कापडाला मागणी भरपूर होती आणि कुशल हात मर्यादित होते. त्यामुळे दुसऱ्या व्यापाऱ्याने अधिक भाव देऊ केला तर विणकर पहिल्याचे पैसे त्याच्या हाती ठेवून मोकळा होई. येथे समतोल झुकलेला होता, पण तो कारागिराच्या बाजूने.

बंगालमध्ये कंपनीने १७५३ मध्ये दादनी व्यापाऱ्यांना मध्यस्थ म्हणून वापरण्याची पद्धत सोडली आणि स्वतःच्या गुमास्त्यांमार्फत विणकरांना थेट पैसे देण्यास प्रारंभ केला. १७५७ नंतर कंपनीच्या हाती राजसत्ता आली तेव्हा या आगाऊ रकमेचे स्वरूपच पालटले. गिऱ्हाईक आणि शासक एकच झाले. १७९३ च्या रेग्युलेशनने कंपनीचे पैसे घेतलेल्या विणकरावर आधी कंपनीचे काम पुरे करण्याचे बंधन घातले. एकाहून अधिक माग असलेल्या आणि कामगार ठेवणाऱ्या विणकराने ठरलेले कापड न दिल्यास प्रत्येक नगाच्या ठरलेल्या किमतीवर ३५ टक्के दंड ठेवण्यात आला. रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या आर्थिक इतिहासात या नियमांकडे वाचकांचे लक्ष वेधले आहे.

पैसे परत करून मोकळे होण्याचा मार्ग बंद झाला की आगाऊ रक्कम ही बेडी होते. विणकराच्या दृष्टीने रक्कम तीच होती, सूतही तेच होते. बदलला होता तो करार मोडण्याचा अधिकार.

१८५९ चा कायदा : आगाऊ रक्कम आणि तुरुंग

हाच विचार १८५९ च्या तेराव्या अधिनियमात पूर्णत्वास गेला. कारागीर, कामकरी व मजूर आगाऊ रक्कम घेऊन करार मोडतात व त्यामुळे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथील उत्पादक, व्यापारी आदींचे नुकसान होते, असे त्याच्या उद्देशिकेत नमूद होते. आगाऊ रक्कम घेऊन सबळ कारणाशिवाय काम न करणाऱ्याविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येई. रक्कम परत करावी की काम पुरे करावे, हे तक्रारदाराच्या पसंतीवर अवलंबून होते. आदेश न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद होती.

या कायद्यातील दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पहिली गोष्ट अशी की, दिवाणी स्वरूपाचा करारभंग येथे शिक्षापात्र झाला. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. मागणी देऊन ती रद्द करणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध अशी कोणतीही तरतूद त्यात नव्हती. सूत रंगवून, माग लावून बसलेल्या विणकराला गिऱ्हाइकाने वाऱ्यावर सोडले तर त्याला दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता मोकळा होता. मिताक्षरेतील अंगठी दोन्ही हातांना बांधणारी होती. १८५९ च्या कायद्याने ती एकाच हातात अडकविली. हा कायदा पुढे आसामच्या चहामळ्यांसह अन्य प्रदेशांतही वापरला गेला. १९२५ च्या अधिनियमाने तो रद्द ठरला आणि १ एप्रिल १९२६ पासून त्याचा अंमल संपला.

१८७२ चा करार कायदा आणि हरवलेली दुप्पट

कराराच्या बाबतीत मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत देशी कायद्याला काही स्थान होते. १७९७ च्या ब्रिटिश कायद्याने मद्रास व मुंबई येथील रेकॉर्डर न्यायालयांना हिंदूंच्या करारांबाबत हिंदूंचा आणि मुसलमानांच्या करारांबाबत मुसलमानांचा कायदा लावावयास सांगितले होते. एल्फिन्स्टनच्या काळातील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने मोफसल न्यायालयांसाठी विधिनियमांनंतर देशरिवाज, त्यानंतर प्रतिवादीचा कायदा आणि शेवटी न्याय, समता व सद्विवेक असा क्रम घालून दिला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने हे चित्र संपुष्टात आणले. व्यापारातील रूढींना त्याच्या पहिल्या कलमात अभय होते, परंतु ती कायद्याशी विसंगत नसावी ही अट होती.

या कायद्याने विसाराची व्याख्या केली नाही. कलम ७३ मध्ये करारभंगाच्या नुकसानभरपाईचा आणि कलम ७४ मध्ये करारातच नमूद केलेल्या रकमेचा विचार झाला. नमूद रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळावी, असे कलम ७४ चे तत्त्व आहे. १८९९ मध्ये ते दुरुस्त होऊन अधिक व्यापक झाले. विसाराची पोकळी न्यायालयांनी इंग्रजी निर्णयांच्या साहाय्याने भरून काढली. त्यांत १८८४ चा हाऊ विरुद्ध स्मिथ हा निर्णय प्रमुख होता. विसार ही खरेदीदाराच्या वचनाची हमी असून त्याने कसूर केल्यास ती बुडते, हे सूत्र तेथून आले. प्रिव्ही कौन्सिलने १९२६ मध्ये चिरंजित सिंग प्रकरणात त्याला मान्यता दिली. या सूत्रात देणाऱ्याचे नुकसान आले, पण घेणाऱ्याने दुप्पट परत करण्याचा दुसरा अर्धा भाग आला नाही. विक्रेत्याने कसूर केल्यास खरेदीदाराने रक्कम मागावी आणि त्यापलीकडचे नुकसान पुराव्याने शाबीत करावे, अशी स्थिती निर्माण झाली.

याच काळात गोव्यात वेगळा नियम होता. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने खरेदी-विक्रीच्या परस्पर वचनात विसार दिला असल्यास तो गमावणे किंवा दुप्पट परत करणे हीच नुकसानभरपाई मानली. ही संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय करार कायदा तेथे लागू होईपर्यंत रोमन परंपरेतील दुप्पट परतीचा नियम गोव्यात टिकून होता. विज्ञानेश्वराचा नियम ज्या मुंबई इलाख्यात विस्मृतीत गेला, त्याच्या शेजारीच तो परक्या भाषेतील संहितेत जिवंत राहावा, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

कारागिराची बाजूही विसरून चालणार नाही. १८६१ मधील ली विरुद्ध ग्रिफिन या इंग्रजी खटल्यात एका दंतवैद्याने एका स्त्रीच्या मापाच्या कृत्रिम दंतपंक्ती तयार केल्या होत्या. त्यांची किंमत २१ पौंड होती. त्या बसविण्यापूर्वीच ती स्त्री मरण पावली आणि मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने पैसे नाकारले. हा करार श्रमाचा नसून मालाच्या विक्रीचा आहे आणि त्यासाठी आवश्यक लेखी नोंद नाही, असे ठरवून न्यायालयाने दंतवैद्याचा दावा फेटाळला. त्या दातांचा दुसऱ्या कुणाला काही उपयोग होण्याचा प्रश्नच नव्हता. अबू युसुफ यांनी अकराशे वर्षांपूर्वी व्यक्त केलेली चिंता येथे अक्षरशः खरी ठरली. आगाऊ रक्कम ही कारागिराची लोभी मागणी नसून त्याचे एकमेव संरक्षण कसे असते, हे या खटल्यावरून कळते.

स्वातंत्र्योत्तर निर्णय : विसार की अनामत?

सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद प्रकरणात महत्त्वाचा भेद केला. दिल्लीतील एका मालमत्तेच्या व्यवहारात १,००० रुपये विसार म्हणून आणि त्यानंतर २४,००० रुपये दिले गेले होते. विक्रेत्याला १,००० रुपये ठेवण्याची मुभा मिळाली; उरलेले २४,००० रुपये विसार नसल्याने आणि नुकसान शाबीत न झाल्याने ते जप्त करता आले नाहीत.

१९६९ या एकाच वर्षात दोन निर्णय आले. मौला बक्ष यांनी १९४७ मध्ये लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी व मासळी पुरविण्याचे दोन करार करून एकूण १८,५०० रुपये जमा केले होते. पुरवठ्यातील कसुरीवरून सरकारने ही रक्कम जप्त केली. ही रक्कम विसार नव्हे तर अनामत आहे आणि सरकारने नुकसान दाखविले नाही, म्हणून जप्ती टिकणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. दुसरीकडे, हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या प्रकरणात विमानांच्या भंगाराच्या १० लाख रुपयांच्या सौद्यात दिलेले २.५ लाख रुपये हा विसार ठरला आणि त्याची जप्ती ग्राह्य धरली गेली. 'विसार' आणि 'अनामत' या दोन शब्दांत बोलभाषेने जो भेद जपला होता, तोच येथे लाखो रुपयांचा निकाल ठरविणारा झाला.

२०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. दिल्ली विकास प्राधिकरणाने भूखंडाच्या लिलावातील ७८ लाख रुपये जप्त केले होते. मूळ बोली ३.१२ कोटींची होती आणि पुढे तोच भूखंड ११.७८ कोटींना विकला गेला. प्राधिकरणाचे नुकसान झाले नव्हते, म्हणून रक्कम परत करण्याचा आदेश झाला. जेथे नुकसान शाबीत करणे शक्य आहे, तेथे ते केलेच पाहिजे, हे तत्त्व त्यातून ठळक झाले.

आजचा कारागीर आणि आजचा गिऱ्हाईक

वरील खटले बहुतांशी जमीन, भंगार आणि सरकारी पुरवठा यांचे आहेत. येवल्याचा विणकर, पेणचा मूर्तिकार, गल्लीतील शिंपी किंवा पत्रिका छापणारा मुद्रक सर्वोच्च न्यायालयापर्यंत जात नाही. त्याचा व्यवहार वहीतल्या नोंदीवर किंवा तोंडी शब्दावर चालतो. तरीही इतिहासातून आलेली तत्त्वे त्याला लागू करून पाहता येतात.

मागणी रद्द झाल्यावर होणारे नुकसान दोन गोष्टींवर अवलंबून असते. साहित्य पुन्हा वापरता येते काय, हा पहिला प्रश्न. सोनाराचे सोने वितळवून पुन्हा हाती येते. बुडते ती घडणावळ. शिंप्याने कापलेले कापड मात्र पुन्हा सलग होत नाही. दुसरा प्रश्न काळाचा. तयार पैठणीला उशिरा का होईना गिऱ्हाईक मिळू शकतो, पण गणेशचतुर्थी उलटल्यावर मूर्तीला आणि लग्नतिथी टळल्यावर पत्रिकेला काहीच मोल उरत नाही. नारदाने दिवसागणिक वाढविलेला भार हे याच वास्तवाचे प्राचीन भान होते. म्हणून 'आगाऊ रक्कम परत मिळणार नाही' हे पावतीवरील सरसकट वाक्य जितके अन्यायकारक, तितकीच काम अर्ध्यावर आलेले असताना सारी रक्कम परत मागणारी गिऱ्हाइकाची अपेक्षाही अन्यायकारक होय. साहित्य आणले नसेल तर केवळ विसाराची छोटी खूण बुडावी. साहित्य आणले असेल तर त्याची न भरून येणारी किंमत, आणि काम सुरू झाले असेल तर झालेल्या कामाची मजुरी कापून उरलेली रक्कम परत व्हावी, असा क्रम इतिहासाशी आणि कलम ७४ च्या वाजवीपणाशीही सुसंगत ठरतो.

अलीकडच्या कायद्यांत या दिशेने काही पावले पडली आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने अवाजवी अनामत मागणाऱ्या किंवा नुकसानीच्या मानाने विषम दंड लादणाऱ्या अटींचा समावेश अनुचित कराराच्या व्याख्येत केला. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने दूरविक्रीत गिऱ्हाइकाला १४ दिवसांत माघार घेण्याचा अधिकार दिला, पण गिऱ्हाइकाच्या मापाने बनविलेल्या वस्तू त्यातून वगळल्या. अबू युसुफ यांच्या तर्काला ही आधुनिक पावतीच मिळाली. आपल्याकडील २०२० च्या ई-वाणिज्य नियमांतील एक तरतूद त्याहून महत्त्वाची आहे. विक्रेत्या संस्थेने स्वतः एकतर्फी मागणी रद्द केल्यास तीही तसाच भार सोसणार असेल, तरच तिला गिऱ्हाइकाकडून रद्द करण्याचे शुल्क घेता येते. याज्ञवल्क्याची दुप्पट येथे शब्दशः आली नसली तरी तिच्यामागील परस्परता परत आली आहे. ही तरतूद मात्र ई-वाणिज्यापुरतीच आहे. समोरासमोर होणाऱ्या कारागिरीच्या व्यवहारापर्यंत ती पोहोचलेली नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, आगाऊ रक्कम ही एकजिनसी संस्था नसून खूण, ठेव आणि भांडवल अशी तिची तीन रूपे आहेत आणि मराठी भाषेने त्यांना वेगळी नावे दिली आहेत. दुसरी, मिताक्षरेतील नियमाचे सामर्थ्य दंडाच्या रकमेत नसून दोन्ही पक्षांना सारखे बांधण्यात होते. तिसरी, कंपनीच्या काळात व १८५९ च्या कायद्याने कारागिराला पैसे परत करून मोकळे होण्याचा अधिकार नाकारला, तर १८७२ नंतरच्या न्यायव्यवहारात घेणाऱ्याची दुप्पट जबाबदारी गळून पडली; अशा रीतीने समतोल दोनदा आणि परस्परविरुद्ध दिशांनी मोडला. चौथी, स्वातंत्र्योत्तर न्यायनिर्णयांनी नुकसान शाबीत करण्याची अट घालून हा तोल पुष्कळसा सावरला, परंतु लेखी करार व वकील परवडणाऱ्यांनाच त्याचा लाभ मिळतो.

आगाऊ रक्कम कुणाच्या हाती आहे यावरून तो व्यवहार शोषणाचा की संरक्षणाचा हे ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातील मजुराच्या हाती ती बेडी होती. दंतवैद्याच्या हाती ती असती तर त्याचे श्रम वाचले असते. व्यवहार मोडण्याची किंमत दोघेही सारखी मोजतात काय, ही त्याची खरी कसोटी होय. येवल्याच्या मागावर अर्धी विणलेली पैठणी आणि ती मागविणारे कुटुंब यांच्यात न्याय करावयाचा असेल, तर पावतीच्या तळाशी एक ओळ छापण्याऐवजी त्या पावतीवर दोघांच्याही जबाबदाऱ्या लिहिल्या जाणे आवश्यक आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणी येथे विज्ञानेश्वराने दोन वाक्यांत त्या लिहूनच ठेवल्या होत्या.